मामाजींचा इंग्रजी शब्द

माझे सासरे पांढुर्ण्याच्या शाळेत आयुष्यभर इंग्रजी शिकवून निवृत्त झाले. आता ते सौंसरला आमच्याजवळ राहतात. त्यांना मी मामाजी म्हणते. जुन्या, जाड पुस्तकांतून शिकलेलं त्यांचं इंग्रजी. रेडिओला ते अजून वायरलेस म्हणतात. मीही इंग्रजीच शिकवते. आमच्या शाळेच्या पालक सभेला त्यांना पाहुणे म्हणून बोलवा, हे मीच सुचवलं होतं.

संत्र्याची तोडणी सुरू होती, तरी हॉल भरला. मामाजी मराठीत छान बोलले. शेवटी मात्र इंग्रजीकडे वळले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "देअर मस्ट बी फ्रीक्वेंट इंटरकोर्स बिटवीन पेरेंट्स अँड टीचर्स."

मला वाटलं, ऐकण्यात माझी चूक झाली. तेवढ्यात त्यांनी तेच वाक्य पुन्हा म्हटलं, जोर देऊन. मागून बारावीच्या पोरांना हसू फुटलं. एका आईनं पदर तोंडाला लावला. प्राचार्य मॅडम टेबलाकडे बघत बसल्या. पोरं खूश झाली असं वाटून मामाजीही हसले.

आम्ही घरी पोचायच्या आत व्हिडिओ गावभर झाला होता. आमच्या यांनी तो पाहिला आणि फोन उलटा ठेवला. "तूच सांग बाबांना. मले नाही जमत."

सासऱ्याला असलं काही सुनेनं सांगायचं! चहा देताना मी कसंबसं म्हटलं, "मामाजी, भाषणातला तो एक शब्द आता तसा नाही वापरत."

"कोणता? इंटरकोर्स?" ते इतक्या सहज म्हणाले की मी दाराकडे पाहिलं. "काऊन? बोलणंचालणं, देवाणघेवाण. बरोबर तर आहे."

फोनवर शब्दकोश उघडून मी त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी अक्षरं मोठी करून वाचलं. पहिला अर्थ वेगळाच होता. त्यांचा अर्थ खाली होता आणि त्याच्यापुढे 'जुना वापर' असं लिहिलं होतं.

"हे कधी झालं?" कोणी गेल्याची बातमी ऐकावी तसं त्यांनी विचारलं.

"खूप वर्षं झाली, मामाजी."

"पोरींच्या वर्गात शिकवला मी हा शब्द. कोणीच काही बोललं नाही मले."

त्या दिवशी ते जेवले नाहीत. सकाळी इस्त्रीचा सदरा घालून दारात उभे. "चल बेटा, तुझ्या शाळेत यायचं आहे."

मॅडमची माफी मागून परत येतील, असं मला वाटलं. माफी त्यांनी मागितली, आणि लगेच बारावीचा वर्ग मागितला. मॅडमनं माझ्याकडे पाहिलं. शेवटी त्यांनी वर्ग दिला.

मामाजींनी तो शब्द फळ्यावर लिहिला. "काल तुम्ही हसले. बरोबर हसले. माझा अर्थ जुना झाला. आज याचा अर्थ शरीरसंबंध."

पोरींसमोर, सुनेसमोर! आमच्या घरात कोणा पुरुषाच्या तोंडून हा शब्द मी कधी ऐकला नव्हता. वर्गात मात्र कोणी हसलं नाही.

मग ते लिहीतच गेले. 'सिली' म्हणजे एकेकाळी पुण्यवान, 'नाइस' म्हणजे मूर्ख. 'हसी' म्हणजे घर सांभाळणारी बाई, आज बदफैली. 'मिस्ट्रेस' म्हणजे मालकीण, आज ठेवलेली. 'स्पिन्स्टर' म्हणजे सूत कातणारी. पुढे बिनलग्नाची म्हणून हिणवायचा शब्द झाला.

समोरच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. "सर, बायांचेच शब्द काऊन नासून राहिले?"

मामाजींनी खडू खाली ठेवला. इतकी वर्षं मी हे शब्द शिकवते आहे; हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

"मले माहीत नाही, बेटा," ते म्हणाले. "मी कधी पाहिलंच नाही तसं."

घरी येताना रस्त्यात ते म्हणाले, "पोरीनं नेमकं धरलं हो."

माझ्या कानात अजून तो 'शरीरसंबंध'च घुमत होता.