भट्टीतून आलेला लाल

मैत्रिणीच्या दिवाणखान्यात एका नामांकित चित्रकाराने घडवलेली मातीची मोठी थाळी टांगलेली आहे. थाळीवर एक कोसळता बैल कोरलेला आहे. ती घडत होती तेव्हा मी चित्रकाराच्या शेजारीच उभा होतो. त्याने ओल्या मातीवर सुरी चालवली, बैलाच्या मानेत अंगठा खुपसला आणि आत गर्रकन फिरवला. माझा हात नकळत माझ्या मानेकडे गेला. मग त्या खाचेत त्याने राखाडी रंग भरला.

"रक्त असं राखाडी असतं?" मी विचारलं.

"भट्टीतून येऊ दे," सुरी पुसत तो म्हणाला.

थाळी बाहेर आली तेव्हा खाच लालभडक झाली होती. कॅनव्हासवर घाव नुसता रंगवता येतो. इथे तो खरोखर घालावा लागतो, आणि आग त्याला बुजवत नाही, पक्का करते. असलं क्रौर्य आपण हौसेने भिंतीवर लावतो. फक्त ते गार झालेलं आणि वर झिलई असलेलं हवं.

काल मैत्रीण थाळी पुसत होती. फडकं गुंडाळलेला अंगठा तिने बैलाच्या मानेत खुपसला आणि आत गर्रकन फिरवला.

"इथे फार धूळ बसते रे," ती म्हणाली.

मी चहा पीत राहिलो.