शिवेवरचा वीरगळ

जिंतूरच्या कॉलेजात मराठी शिकवायचं एक बरं असतं, घरी सांगायला रोज काहीतरी मिळतं. आता तर नवऱ्यानं 'एका चहाला एकच किस्सा' असा नियमच केलाय! पण वीरगळाचे किस्से काही सुटे सांगता येत नाहीत.

*

'वारसा आणि लेखन' हा विषय नवा आला. पहिल्याच तासाला विचारलं, "वारसा म्हणजे काय रे?"

मागच्या बाकावरचा दत्ता उठला. "मॅडम, पडायला आलं की वारसा. पडलं की चौकशी!"

फळ्यावर माझी व्याख्या लिहायची राहूनच गेली.

*

मग वर्गाला वीरगळ दाखवायला नेलं. लढून मेलेल्याच्या आठवणीचा हा कोरीव दगड दत्ताचं आणि वर्गातल्याच शीतलचं, अशा दोन गावांच्या शिवेवर उभा. खाली गाई, मध्ये लढाई, वर स्वर्गात बसलेला वीर.

"आमचा पूर्वज हाय," शीतल म्हणाली.

"मिशी बघ की! आमच्या घरात सगळ्यांना अशीच हाय!" दत्ता.

शीतल जवळ जाऊन बघून आली. "मिशी न्हाई रे, शेंदूर हाय!"

*

इथवर हसण्यावारी गेलं. पण रस्ता रुंद करायला जेसीबी आला. ठेकेदार म्हणाला, "दगड कुठं हलवायचा ते दोन्ही गावांचं जमलं तर ठीक, न्हाईतर सोमवारी दगड भरावात."

जागा ठरली, दोन्ही गावांची मिळून असलेली शाळा. अडलं पाटीवर. पोरांनी लिहिलं होतं, 'गाई चोरणाऱ्यांशी लढताना या वीराला मरण आलं.' वीराचं गाव मी मुद्दाम गाळलं होतं.

एका सरपंचानं विचारलं, "आन् चोर कुठले?"

दुसरे उसळले, "आमच्याकडं काय बघायलाव? कोणाला चोर म्हणायलाव ओ?"

*

रविवारी दत्ताच्या आजोबांच्या अंगणात बैठक. नुसता आरडाओरडा! शेवटी आजोबा म्हणाले, "चोर तिकडं लांब मानवतकडचे लिवा. मिटलं!"

दोन्ही गावांनी एकदम माना डोलावल्या. इतकी एकी मी पहिल्यांदाच बघितली. जन्मभर पोरांना 'पुरावा दाखवा' म्हणत आले, पण दगड वाचतोय म्हटल्यावर मुकाट्यानं लिहून घेतलं. खरं सांगते, डोळे भरून आले.

चहा आला. आजोबांनी मायेनं विचारलं, "बाई, माहेर कुठलं तुमचं?"

"मानवत."

आजोबांनी कप खाली ठेवला, सावकाश उठले, आणि दारातली म्हैस सोडून आत नेऊन बांधली.