सासूच्या चार ओळी

हाओ गूयू लग्न होऊन उत्तर चीनमधल्या शीगोऊ गावात आली तेव्हा सतरा वर्षांची होती. पहिल्याच दिवशी तिने राळ्याच्या पेजेचा वाडगा खाली ठेवला आणि सासूने त्यात डोकावून पाहिलं. तळाला सात-आठ दाणे चिकटले होते. सासूने वाडगा परत तिच्यापुढे सरकवला आणि चार ओळी म्हटल्या. भर दुपारी शेतात घाम गाळत खुरपणाऱ्या माणसाच्या, आणि वाडग्यातल्या एकेका दाण्यामागच्या कष्टाच्या. सूर अगदी सपाट. गूयूने बोटाने वाडगा पुसून घेतला.

पुढची एकवीस वर्षं त्या चार ओळींनी तिची पाठ सोडली नाही. पीठ सांडलं, पेज उतू गेली, पाखरांनी खळ्यावर दोन दाणे टिपले, की म्हातारी सुरू. सासूला अक्षरओळख नव्हती. तेव्हा गूयू धरूनच चालली की हे सगळं हिने आपल्यासाठी रचलंय.

"मला छळायला बसून जुळवलंय," ती नवऱ्याला म्हणायची.

"आईला शब्द जुळवता आले असते, तर आधी माझ्या बापाला ऐकवले असते," नवरा म्हणायचा आणि कूस बदलायचा.

म्हातारी गेली. गूयूने रीतीप्रमाणे सगळं केलं, रीतीप्रमाणे रडली. काही वर्षांनी नवराही गेला. दगडाच्या खाणीतली धूळ त्याच्या छातीत बसली होती. मुलगी लग्न होऊन तालुक्याला गेली. गावाची सामाईक जमीन घराघरांत वाटली गेली तेव्हा गूयूच्या वाट्याला तीन तुकडे आले. त्यातला मोठा तुकडा गावच्या जुन्या धान्य-कोठाराच्या भिंतीला लागून होता.

शहाऐंशी साली शाळेचं छत खचलं आणि शाळा त्या कोठारात आली. जूनचे दिवस होते, राळ्याची विरळणी चालू होती. रोप बोटभर झालं की एक ठेवायचं, सहा उपटायची. उकिडवं बसून, बेडकासारखं सरकत, तीन आठवडे. गूयू एक्कावन्न वर्षांची होती आणि अर्ध्या रांगेवर आली होती. तेवढ्यात खिडकीतून चाळीस पोरांनी एका सुरात सासूच्या चार ओळी म्हटल्या.

तिचा हात थांबला. पोरांनी पुन्हा म्हटल्या. गूयू उठली आणि चिखलाच्या हातांनीच शाळेच्या दारात जाऊन उभी राहिली.

"ओ मास्तरीणबाई! हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

पेईबाई तालुक्याहून नव्यानेच आल्या होत्या. वय बावीस. त्या गोंधळल्या. "काय काकू?"

"हेच, आत्ता पोरं ओरडत होती ते. ते माझ्या सासूचं आहे."

पोरं खिदळली. पेईबाईंनी पुस्तक पुढे धरलं. "काकू, ही कविता आहे. हजार वर्षांहून जुनी. सगळ्या देशात शिकवतात."

गूयूने पानाकडे पाहिलं. तिला वाचता येत नव्हतं, पण ओळी चारच होत्या हे दिसत होतं.

"लिहिणारा शेतकरी होता?"

"नाही. सरकारी अधिकारी होता."

"वाटलंच," गूयू म्हणाली. आणि जाता जाता वळली. "पण दुपारचं त्याने बरोबर लिहिलंय. कुणाला तरी विचारलं असणार."

"म्हणजे? कवितेतला शेतकरी बिचारा किती कष्टात होता, एवढ्या उन्हात..."

"बिचारा कसला? खुरपणी दुपारीच करतात. सकाळी दवात तण उपटलं तर संध्याकाळपर्यंत पुन्हा मूळ धरतं. दुपारी उपटलं की तासाभरात वाळून जातं. माणूस करपतो खरा, पण तणही करपतं."

पेईबाईंनी फळ्यावर 'बिचारा शेतकरी' असं लिहिलं होतं, ते त्यांनी पुसलं.

शनिवारी शाळा सुटल्यावर त्या शेतात आल्या. म्हणाल्या, मला विरळणी शिकवा. दोन रांगा झाल्यावर त्यांना उठता येईना. गूयूने मागे वळून पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

"अगं बाई! राळा उपटलास आणि तण ठेवलंस!"

"दोन्ही सारखीच दिसतात हो, काकू."

"बुडाशी बघ, बुडाशी. वरून सगळंच हिरवं."

मग दोघी बांधावर बसून भाकरी आणि खारवलेला मुळा खात होत्या. गूयूने बराच वेळ मनात घोळत असलेलं विचारलं. "माझी सासू तर अडाणी. तिला ती कविता कुठून आली?"

"तिला कुणीतरी म्हणून दाखवली असेल. तिच्या आईने, नाहीतर सासूने."

"आई कशाला म्हणेल? अकराव्या वर्षी दिलं होतं तिला या घरात. पुढे सून करायची म्हणून पोसायला. खायला कमी आणि कामाला जास्त."

अकरा वर्षांच्या अर्धपोटी पोरीने वाडग्यात असे किती दाणे ठेवले असतील, आणि तरी तिलाही कुणीतरी त्या चार ओळी ऐकवल्या असतील, असं काहीतरी गूयूच्या डोक्यात आलं. भाकरी संपवून ती पुन्हा रांगेत जाऊन बसली. पेईबाई कंबर धरत तिच्या मागे गेल्या.

त्या वर्षी पीक मध्यम आलं. पुढल्या वसंतात, पितरांच्या थडग्यांवर जायच्या दिवशी, गूयू सासूच्या थडग्यापाशी बाकीच्यांच्या मागे राहिली. जावेने हाक मारली, "चल की! काय एवढं मागत्येस म्हातारीकडं?"

"काही नाही. गवत वाढलंय," गूयू म्हणाली, आणि खरोखरच गवत काढायला बसली. दुपार होती.

पेईबाईंची दोन वर्षांनी बदली झाली. त्या निघताना गूयूने त्यांना नव्या राळ्याची पिशवी दिली आणि शिजवताना पाणी किती घालायचं ते तीनदा सांगितलं. बहात्तराव्या वर्षापर्यंत ती जमिनीचे ते तीन तुकडे कसत राहिली. गुडघे गेले तेव्हा मुलीने तिला तालुक्याला, तिसऱ्या मजल्यावर नेलं. तिथे तिने खिडकीतल्या डब्यात कांदे लावले आणि शेजारणीला रोज सांगितलं की तुझं पाणी घालणं चुकतंय.