कस्मुरी लिक आणि वाकडी पट्टी

माझ्या बापाला मशीनवर लागलं तेव्हा रक्ताचा एक थेंबही निघाला नाही. म्हणूनच कोणी घाबरलं नाही.

त्या वर्षी जावा बेटावरच्या आमच्या जेपारात जो तो बागेतल्या खुर्च्या करत होता. परदेशातून मागणीच इतकी, की नक्षीकामातले नावाजलेले हातसुद्धा पटाशी बाजूला ठेवून सागवानाच्या पट्ट्या कापायला लागले. अंगणाअंगणात करवतीची टेबलं उभी राहिली. खाली भाताच्या गिरणीतून काढलेली मोटर, वर लोखंडी पत्रा आणि मधल्या फटीतून वर आलेलं गोल पातं. आमचं टेबल आमच्या आणि कस्मुरी लिकच्या घरांमधल्या छपराखाली होतं. लिक म्हणजे बापाचा धाकटा भाऊ. टेबल त्यानंच जोडलेलं. बाप कापायचा, लिक खुर्च्या जुळवायचा, मी तेव्हा एकोणीस वर्षांची, पलीकडे बसून पट्ट्या घासायची.

त्या आठवड्यात रुंद पट्ट्या हव्या होत्या, म्हणून लिकनं टेबलावरची बाजूची पट्टी सरकवून बसवली. लाकूड जिला टेकवून पुढे ढकलतात ती. पुढचा बोल्ट त्यानं मोजून आवळला. मागचा नजरेनंच.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाप फळी चिरत होता. अर्ध्याच्या पुढे गेल्यावर पात्याचा आवाज बदलला, घुसमटल्यासारखा झाला, आणि फळी सुटून उलटी आली. बाप पात्याच्या अगदी समोर उभा होता. फळीचं टोक त्याच्या बरगडीखाली बसलं. तो मटकन खाली बसला. मग हसला.

“म्हशीनं लाथ मारावी तशी मारली रांडेनं,” तो म्हणाला.

लिक धावत आला. थोरल्या भावाला तो कांग म्हणायचा. “कांग, दवाखान्यात जाऊ या का?”

“कशाला? काय दाखवू तिथे? खरचटलंसुद्धा नाहीये.”

त्यानं थोडा भात खाल्ला, भिंतीला टेकून बसला. सकाळी त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता आणि पोट फळीसारखं कडक. गाडीत घातलं, पण दवाखान्याच्या फाटकापर्यंतही तो पोचला नाही. आतल्या आत रक्त गेलं, असं डॉक्टर म्हणाले.

सात दिवस घरी प्रार्थना झाल्या. येणारा प्रत्येक जण एकच सांगायचा, वेळ भरली होती, वरच्याची मर्जी. माझी एमाक, म्हणजे आई, मान हलवायची आणि चहाचे पेले भरायची. रुकानी तिचं नाव. रडायला तिला सवडच मिळाली नाही.

आठव्या दिवशी मी छपराखाली गेले तर लिक टेबलापाशी वाकलेला. पात्याच्या एका दातावर त्यानं खडूची खूण केली होती. तो दात पुढे असताना दात आणि पट्टी यांच्यामधलं अंतर त्यानं बांबूच्या कामटीवर घेतलं. मग हातानं पातं फिरवून तोच दात मागे नेला आणि तिथे कामटी लावली. ती बसेना. त्यानं पुन्हा मोजलं. चार वेळा मोजलं. मग खिशातल्या आगपेटीतल्या काड्या तो कामटीशेजारी धरून बघायला लागला.

“काय झालं?” मी विचारलं.

तो सरळ आमच्या स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिला.

“यू,” तो एमाकला म्हणाला. थोरल्या भावजयीला आमच्याकडे यूच म्हणतात. “कांग नशिबानं नाही गेला. पट्टी मी वाकडी बसवली होती. मागच्या बाजूला ती पात्याकडे झुकलीय. लाकूड त्यात आवळलं आणि पात्यानं उचलून फेकलं.”

एमाकनं चुलीवरचं भांडं उतरवलं. “किती वाकडी?”

“दोन काड्यांच्या जाडीएवढी.”

“आणि हे तुला आजच कळलं?”

“आज मोजलं. तेव्हाच मोजायला हवं होतं.”

“मग मला कशाला सांगायला आलास? तुझं ओझं हलकं व्हावं म्हणून?”

लिकनं हातातली कामटी पायरीवर ठेवली.

“सगळ्यांनी मला सांगितलं देवानं नेला. देवावर मी रागावू शकत नव्हते, म्हणून निभत होतं. आता तू राग आणून दिलास. जा, कस्मुरी. पुन्हा या दारात पाय ठेवू नकोस.”

त्यानंतर अकरा वर्षं ती त्याच्याशी एक शब्द बोलली नाही. मधे फक्त छप्पर होतं. ईदच्या सकाळी अख्खं गाव एकमेकांची माफी मागत फिरायचं. लिकही यायचा, धुतलेली टोपी घालून पायरीखाली उभा राहायचा. एमाक माझ्या हाती ताटली देऊन बाहेर पाठवायची आणि स्वतः आत बसायची. तो ताटली घ्यायचा, घरात बघायचा नाही, आणि जायचा.

छपरातल्या टेबलावर एमाकनं ताडपत्री बांधली. विकलं नाही, कोणाला हातही लावू दिला नाही.

लिकनं खुर्च्या सोडल्या. तो गावोगावच्या कारखान्यांत करवती बसवायला जायला लागला. काखेत नेहमी काटकोन तपासायचा गुण्या, म्हणून लोक त्याला पाक सिकू म्हणायला लागले. पाक म्हणजे बुवा, सिकू म्हणजे गुण्याच. तो दिसला की कामगार ओरडायचे, “आला सिकू! झालं, आता दुपारपर्यंत एक पट्टी निघायची नाही.”

“पट्टी संध्याकाळी निघेल,” तो शांतपणे म्हणायचा. “तू घरी गेलास म्हणजे झालं.”

मालक वैतागायचे. पात्यामागे तो पोलादाची एक जीभ बसवायचा, चिरलेलं लाकूड पुन्हा मिटू नये म्हणून. त्याची पाठ वळली की कामगार ती काढून ठेवत. पुढच्या खेपेला तो ती कोपऱ्यातून शोधून परत बसवायचा. एका कारखान्यात तीनदा असं झालं. चौथ्या वेळी त्याला फाटकावरूनच परत पाठवलं. दोन महिन्यांनी त्याच मशीनवर एकाची चार बोटं गेली. लिकला कोणीतरी ही बातमी जिंकल्यासारखी सांगितली. त्या दिवशी तो जेवला नाही.

मी तिशीला आले तोवर घासायचं काम यंत्रांनी खाल्लं होतं. मधे माझं लग्न झालं होतं, पण नवरा बोर्निओला कामाला गेला तो तिकडेच राहिला. एक दिवस मी एमाकला म्हटलं, “ते टेबल उघडते. चौकटी कापून विकेन.”

चौथ्या दिवशी ती छपरात गेली, स्वतः ताडपत्री सोडली, आणि लिकच्या घराकडे तोंड करून हाक मारली, “कस्मुरी!”

तो बाहेर आला. दाढी पांढरी झाली होती, आणि भुशानं छाती खराब झाल्यामुळे चार पावलं चालला की खोकायचा.

“हिला शिकव,” एमाक म्हणाली. “नीट.”

ती स्टूल घेऊन तिथेच बसली.

लिकनं आधी मोटरची वायर भिंतीतून काढली आणि प्लग माझ्या हातात दिला. “हा तुझ्या हातात असेपर्यंतच आपण पात्याला हात लावायचा.” गंजलेलं पातं काढून टाकलं, नवं चढवलं. पत्र्यावर गुण्या उभा करून पातं काटकोनात आणलं. मग खूण केलेला दात पुढे, तोच दात मागे. पट्टी बसवून त्यानं मोजलं, मला मोजायला लावलं. मग जरा थांबून, खाली बघत म्हणाला, “यू, तुम्हीही मोजा.”

एमाक उठली. वाकून, डोळे बारीक करून तिनं दोन्हीकडे कामटी लावली. “सारखंच आहे,” ती म्हणाली आणि परत जाऊन बसली.

पोलादी जीभ पात्याच्या रेषेत बसली. पातं फळीच्या वर जेमतेम एक दात दिसेल इतकंच ठेवलं.

“आता ओढणीची टोकं आत खोच. बांगडी काढ. हातमोजे कधीच नाही, पातं मोज्यासकट हात ओढून नेतं. कुठे उभी राहशील?”

मी पात्यासमोर उभी राहिले.

“तिथे नाही!” तो इतक्या जोरात ओरडला की खोकल्याची उबळ आली. दम खाऊन म्हणाला, “तिथे तुझा बाप उभा होता, पोरी. डावीकडे सरक. फळी उलटी आली तर तिला मोकळी वाट दे.”

मग प्लग लावला. पात्यानं पुरता वेग धरेपर्यंत त्यानं मला थांबवलं. फळी पट्टीला टेकवून मी ढकलली, आणि शेवटचा वीतभर भाग हातानं नाही, त्यानं करून दिलेल्या खाचेच्या काठीनं पार पात्यापलीकडे नेला. कापलेला तुकडा उचलायला हात पुढे केला तर त्यानं काठीनंच माझ्या मनगटावर मारलं.

“पातं थांबू दे. बटण बंद केलं म्हणजे पातं थांबलं असं नाही.”

पातं थांबेपर्यंत आम्ही तिघंही त्याच्याकडे बघत राहिलो. बराच वेळ लागला त्याला.

महिनाभर तो रोज आला. एमाक रोज स्टुलावर. त्याच्याशी बोलायची ती फक्त मशीनपुरतं. एकदा मी त्याच्यासाठी चहा मागितला, तर तिनं करून दिला, पण पेला माझ्या हाती दिला.

दोन वर्षांनी लिक गेला. शेवटी त्याला आडवंही होता येत नव्हतं, बसूनच श्वास ओढायचा. एमाक त्याच्या घरी पहाटेपासून होती. पन्नास माणसांचा भात तिनं एकटीनं शिजवला.

जनाजा उचलण्याआधी मौलवींनी रीतीप्रमाणे विचारलं, “हा माणूस कसा होता?”

“चांगला होता,” सगळे म्हणाले.

मी एमाकच्या शेजारी, बायकांच्या मागच्या रांगेत. मीही म्हटलं. तिचे ओठ हलले नाहीत.

घरी आल्यावर मी विचारलं, “आतासुद्धा ‘चांगला होता’ म्हणाली नाहीस?”

ती पाय धूत होती. “तो खरा होता,” ती म्हणाली. “तसं विचारलं असतं तर बोलले असते.”