डाख दिलेली कढई

बुकित बातोकच्या गोदामात मेपल सिरपची पिंपं उतरली, तेव्हा खाद्यपदार्थ आयात करणाऱ्या त्या लहानशा कंपनीत माल तपासून सही करायचं काम माझं होतं. सिरप कॅनडातल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचं. लेबलासाठी त्यानं पाठवलेला फोटो मी मोठा करून पाहिला आणि थबकले. झाडाचा रस आटवायच्या पसरट कढईच्या सांध्यांवर करड्या डाखाच्या जाड रेघा होत्या. इतक्या जुन्या डाखात बहुतेक शिसं असतं. चाळीसेक लिटर रस आटवून लिटरभर सिरप उरतं, पण शिसं काही वाफेबरोबर उडून जात नाही.

"लॅबचा रिपोर्ट आल्याशिवाय मी सही करणार नाही," मी मॅनेजरसाहेबांना सांगितलं.

तेही माझ्यासारखेच पुण्याहून इथं परदेशात नोकरीला आलेले. "अहो, गेल्या वर्षीचा रिपोर्ट आहे की. तोच जोडा."

"तो दुसऱ्या मालाचा आहे, सर."

"जुरोंग ईस्टच्या दुकानात सोमवारी बाटल्या लागायच्यात." मग आवाज खाली आणून म्हणाले, "तुमचा इथं राहून नोकरी करायचा पास कंपनीनं काढलाय, एवढं लक्षात असू द्या."

मुलीची शाळा, भाड्याचा फ्लॅट, सगळं त्या पासवर उभं होतं. पण धमकी ऐकली आणि माझं डोकंच फिरलं.

"पास कंपनीचा असेल. सही माझी आहे."

खाली गेले आणि प्रत्येक पिंपावर 'माल रोखला आहे' असं लाल स्टिकर स्वतःच्या हातानं चिकटवलं. नमुने लॅबला पाठवले. शेतकऱ्यालाही लिहिलं, की हार्डवेअरच्या दुकानात शिसं तपासायच्या, शिसं असलं की लाल होणाऱ्या कांड्या मिळतात, त्या आणून ठेवा.

दोन दिवसांनी सकाळी मी त्याला व्हिडिओ कॉल केला. त्याच्याकडे संध्याकाळ होती. तो घुश्शातच होता. "माझ्या वडिलांनी याच कढईत सिरप केलं. कोणाला काही झालं नाही."

"मग तपासायला भीती कसली?" मी विचारलं.

तो फोन घेऊन शेडमध्ये गेला आणि कांडीचं ओलं टोक डाखावर घासलं. आम्ही दोघं बघत राहिलो. टोक हळूहळू लाल झालं.

त्यानं टोपी काढली. मग म्हणाला, "दर वर्षी पहिली वाटी मी नातीला देतो."

माझ्यामागे उभे असलेले साहेब पुटपुटले, "कॉल बंद करा." मी केला नाही. नातीचं रक्त तपासून घ्या, डाखाची बाकीची भांडीही काढून टाका, हे त्याला सांगून झाल्यावरच ठेवला.

लॅबच्या रिपोर्टात शिसं मर्यादेच्या वर निघालं. माल परत गेला. सहीचं काम माझ्याकडून काढून घेतलं आणि मुदत संपल्यावर माझ्या पासचं नूतनीकरण झालं नाही.

शेतकऱ्यानं मात्र नव्या, वेल्डिंग केलेल्या स्टीलच्या कढईचा फोटो पाठवला. खाली एकच ओळ होती: नात ठीक आहे.

देश सोडायला थोडेच दिवस उरले असताना आंग मो किओतल्या एका लॅबमध्ये मुलाखत झाली. आधीची नोकरी का सुटली, असं विचारलं. नवऱ्यानं बजावलं होतं, जास्त बोलू नकोस. मी फोटोपासून लाल स्टिकरांपर्यंत सगळं सांगितलं.

"इथंही असंच कराल?"

"हो," मी म्हटलं. "तसं चालणार नसेल तर आत्ताच सांगा."

त्यांनी मला घेतलं.