चमचाभर हळद

मोठाबाबा व्हॅनखाली उताना निजून समोरचं चाक दोन्ही हातानं हलवून पाहून राहिला होता. टेकचंद मिस्त्री बाजूले तोंड फुगवून उभा. आपन सांगतलेलं काम गिऱ्हाईक असं तपासून पाहते, हे कोन्या मिस्त्रीले आवडन?

परसराम माझा मोठाबाबा, म्हनजे बाबाचा मोठा भाऊ. मी शाळा सोडली तवा घरचे सारे माझ्यावर तुटून पडले, यानं मले व्हॅन चालवाले शिकवली. म्हनून गावात कोनी त्याच्याबद्दल वाकडं बोललं का मी भांडते. आमचं गाव लाखनीपासून आतमंधी. कोनाले दवाखान्यात न्याचं असलं का त्याचीच व्हॅन.

टेकचंदनं चार कामं काढली होती. ब्रेकचे लायनर, समोरचे टायर, गचके झेलनाऱ्या पाट्याचे रबर आन रेडिएटर. मोठाबाबा कोन्याबी मिस्त्रीले एकच गोष्ट विचारे.

"हे नाई केलं तर मानूस मरते का गाडी मरते?"

मानूस मरत असन तर आजच कर. गाडी मरत असन तर मंग पाहू. असं त्यानं जिंदगीभर केलं, आन रस्त्यात त्याच्या हातानं कोनाले खरोचबी नाई आली. ब्रेक आन टायर मानसाच्या बाजूले गेले. रबर गाडीच्या बाजूले. रेडिएटरवर दोघंबी अडले.

टेकचंद म्हने, नळ्या सडल्या, पानी गळून राहिलं, नवीन नागपूरवरून येईन पन दसरा झाल्यावर. तवरी गाडी उभी ठेव. पन मोठाबाबाले दसऱ्यालेच नागपूरले दीक्षाभूमीवर जाचं होतं.

"दीक्षाभूमी कुठं पळून जाऊन राहिली का भाऊ?" टेकचंद म्हनाला.

"दीक्षाभूमी तिथंच राहीन," मोठाबाबा म्हनाला. "थे नाई राहनार."

थे म्हनजे त्याची बायको, माझी मोठीमाय, सुमनबाई. पोटात कॅन्सर. डॉक्टरनं घरी न्या म्हनून सांगतलं होतं. लग्न होऊन आली तवापासून एकबी दसरा तिनं दीक्षाभूमीचा सोडला नोहता. तिले आता औषध नोको होतं, दूध नोको होतं. एवढा दसरा पायजे होता.

मंग मोठाबाबानं जुन्या डायवर लोकायचा इलाज काढला. रेडिएटरच्या पान्यात हळद टाकली का थे भेगेत जाऊन बसते आन गळती थांबते. टेकचंदनं लई आढेवेढे घेतले, मंग म्हनाला, "चमचाभरच टाकजो. जास्त झाली तर नळ्याच बुजतीन."

दसऱ्याच्या सकाळी मोठाबाबानं पानी भरलं, एक चमचा मोजून हळद टाकली आन झाकन उघडंच ठेवून मोठीमायच्या उशा आनाले घरात गेला. मी टायरची हवा पाहून राहिली होती. शेजारची शकुनबाई सोबत येनार होती, थे मोठीमायजवळ व्हॅनपाशी होती. मोठाबाबा आला, झाकन लावलं, आमी निंगालो. मोठीमाय पांढरं लुगडं नेसून मांग निजली होती, चेहरा असा का कोन्या पोरीले पहिल्यांदा जत्रेत नेऊन राहिले.

भंडारा गेलं. मौद्याच्या अलीकडं इंजिनच्या गरमीचा काटा चढला, वाफ निंगाली, इंजिन बंद. मोठाबाबा पानी टाकत राहिला, पन थे आत फिरेचना. निळे झेंडे लावलेल्या गाड्या बाजूनं जाऊन राहिल्या होत्या. कितीक थांबल्या, पन साऱ्या खचाखच भरलेल्या, आन तिले निजाले जागा पायजे होती. उन्हात ती बेसुद झाली. एक रिकामा टेम्पो भेटला, थो भंडाऱ्याकडं वापस चालला होता. तिले दवाखान्यात नेलं. दीक्षाभूमी राहून गेली. चवथ्या दिवशी मोठीमाय गेली.

गावातले म्हनत, परसरामनं कंजूसी केली, बायकोचा शेवटचा दसरा नासवला. मी दोघातिघाच्या अंगावर गेली. मोठाबाबानं मलेच दटावलं. टेकचंदनं नळ्या कापून दाखवल्या, आत पिवळा चिखल घट्ट बसला होता. "चमचाभरच टाकली होती रे," मोठाबाबा एवढंच बोलला. व्हॅन त्यानं विकली नाई, चालवलीबी नाई. आंगनात उभी आहे, तिच्यावर आता कोंबड्या बसते.

उन्हाळ्यात शकुनबाईनं माझ्याजवळ रडत रडत सांगतलं. त्या सकाळी मोठाबाबा उशा आनाले गेला तवा मोठीमायनं तिच्या हाती आपल्या घरातला हळदीचा डब्बा देला होता. म्हने, यानं चमचाभरच टाकली वो बाई, लई भित्रा आहे, तू मूठभर टाक, थेंबबी गळाले नोको, मले आज पोचाचं आहे.