सिनेटच्या दाराआडची ठकठक

काल जेवताना लेकीने मुठीने टेबल ठोठावलं आणि इतक्या वर्षांनीही माझी नजर आधी दाराकडे गेली.

तेव्हा मी इथल्या, या परक्या देशातल्या विद्यापीठाच्या सिनेट हॉलबाहेर उभी होते. माझे गाइड अचानक वारले होते. माझी पीएचडी चालू ठेवायची की मला पुण्याला परत पाठवायचं, हे आत ठरत होतं. कॉरिडॉरभर मेणाच्या पॉलिशचा वास होता. भिंतीवरच्या फोटोतून शंभर वर्षांपूर्वीच्या सिनेटमधले दाढीवाले मेंबर माझ्याकडे रोखून बघत होते. त्यांच्या काळापासूनचा रिवाज एकच: ज्याच्याबद्दल निर्णय, तो दाराबाहेर.

एकदम आत टेबलांवर धडाधड मुठी आपटल्या. आमच्या घरी बाबा टेबलावर मूठ आपटायचे ती फक्त संतापल्यावर. मी तिथेच भिंतीला टेकून रडायला लागले. संपलं सगळं. आता आईला काय सांगू?

दार उघडून सेक्रेटरीबाई बाहेर आल्या. “अहो, रडताय कशाला? मंजूर झालं! आमच्याकडे टाळ्या अशाच वाजवतात.”

आता मीही त्याच सिनेटवर आहे. बाहेर उभं करायचा तो रिवाज काही मला मोडता आला नाही. पण मुठी उचलायच्या आधी मी उठते आणि दार सताड उघडते, म्हणजे बाहेर उभ्या असलेल्याला आमचे चेहरे दिसतात.